लोकसभेच्या जागा वाढवाव्यात का? आणि वाढवल्या तर कुणाच्या?

आडमाप | १९ ऑगस्ट २०२५, २१:४०

जनगणनेची अधिसूचना जूनमध्ये निघाली. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख, लडाख वगैरे बर्फाळ भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६. म्हणजे २०२६ नंतरची पहिली जनगणना दारात आली आणि लोकसभेच्या जागांना १९७६ साली लागलेलं कुलूप निघायची वेळ झाली. टीव्हीवर यावर जे काही चाललंय ते सगळं ‘उत्तर विरुद्ध दक्षिण’. महाराष्ट्राचं नाव कुणी काढत नाही. म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. माहीत असेल त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. १९५२ ला लोकसभेत निवडून द्यायच्या जागा होत्या ४८९. दर जनगणनेनंतर फेरवाटप करा, असं कलम ८२ सांगतं आणि १९७१ च्या जनगणनेपर्यंत ते होतही होतं. मग आणीबाणीत ४२ वी घटनादुरुस्ती आली. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांच्या जागा त्यापायी कमी होऊ नयेत म्हणून वाटप २००० सालापर्यंत गोठवलं. ती मुदत संपली तेव्हा वाजपेयींच्या काळात ८४ व्या दुरुस्तीनं ती पुढे ढकलली, २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. २००८ साली जी मतदारसंघ पुनर्रचना झाली ती राज्यांच्या आतल्या हद्दींची. कुठल्या राज्याला किती, हा कोटा तेव्हाही हलला नाही. म्हणजे आजचा ५४३ हा आकडा मुळात ५५ कोटींच्या देशासाठी बेतलेला आहे. २०११ लाच आपण १२१ कोटी होतो.

माझं मत सांगून टाकतो: वाढवा. पण सभागृह किती मोठं असावं हा एक प्रश्न, आणि त्यात कोणत्या राज्याचा वाटा किती असावा हा दुसरा. आपल्याकडे दोन्हींची मोट बांधून भांडण चालू आहे. वाटा आहे तिथेच ठेवून नुसती संख्या वाढवता येते. सरळ दीडपट करा. महाराष्ट्र ४८ चे ७२, उत्तर प्रदेश ८० चे १२०, केरळ २० चे ३०. कुणाचं वजन घटत नाही, आणि एका खासदारामागची माणसं एक तृतीयांशानं कमी होतात.

बोला.

---

तिरकस | २१:५२

दीडपट खासदार म्हणजे दीडपट गोंधळ. संसद टीव्हीवाल्यांना आधी आवाजाचं बटण दुरुस्त करायला सांगा.

---

गणिती गोंधळ | २२:२०

आकडे मांडतो, म्हणजे हवेतली चर्चा जमिनीवर येईल. २०११ ची लोकसंख्या भागिले आजच्या जागा. एका खासदारामागे केरळात सुमारे १६.७ लाख माणसं, तमिळनाडूत १८.५, महाराष्ट्रात २३.४, उत्तर प्रदेशात २५, बिहारमध्ये २६, राजस्थानात २७.४. देशाची सरासरी २२.३. म्हणजे आपण सरासरीच्या किंचित वर, जवळपास मधोमध.

आता ५४३ च ठेवून निव्वळ लोकसंख्येनं वाटप केलं तर (लहान राज्यांचे अपवाद बाजूला ठेवून) केरळ २० वरून १५, तमिळनाडू ३९ वरून ३२, उत्तर प्रदेश ८० वरून ९० च्या आसपास, बिहार ४० वरून ४७. महाराष्ट्र? ४८ वरून ५०. बस. एवढ्या महाभारतात आपल्या पदरी दोन जागा.

नव्या संसद भवनात लोकसभेच्या सभागृहात ८८८ आसनं केली आहेत. तेवढ्या भरायच्या ठरवल्या तर उत्तर प्रदेश १४६-१४७, महाराष्ट्र ८२, बिहार ७६, तमिळनाडू ५३, केरळ २४-२५. इथे कुणाचीच जागा ‘कमी’ होत नाही, केरळच्या तर चार वाढतात. पण उत्तर प्रदेश आणि केरळ यांच्यातलं अंतर आज ६० चं आहे, ते १२२ होतं. ‘एकही जागा कमी होणार नाही’ हे आश्वासन ऐकताना हे लक्षात असू द्या. जागा आणि वाटा या वेगळ्या गोष्टी, इथवर धागाकर्त्याशी सहमत. वाटा गोठवण्याशी मात्र साफ असहमत. माझा मावसभाऊ जयपूरला राहतो. त्याच्या मताची किंमत कोचीच्या माणसापेक्षा दीडपटीहून कमी का? ‘एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य’ हे घटनेतलं तत्त्व आहे की आपल्या सोयीनं वापरायचं?

---

वऱ्हाडी ठेचा | २२:४५

तुमचं उत्तर-दक्षिण चालू द्या. मी आमच्याकडलं सांगतो.

गडचिरोली-चिमूर. एका टोकाला गोदावरीच्या काठचं सिरोंचा, पलीकडे तेलंगणा दिसते. दुसऱ्या टोकाला गोंदिया जिल्ह्यातलं आमगाव-सालेकसा. मध्ये अहेरी, गडचिरोली, आरमोरी, आणि वरून चंद्रपूर जिल्ह्यातले चिमूर नि ब्रह्मपुरी. तीन जिल्हे, खासदार एक. मतदानाला पथकं हेलिकॉप्टरनं न्या लागतात अन् बऱ्याच भागात दुपारी तीनलाच मतदान बंद. निवडून आलेला माणूस चांगला असो की वाईट, त्यानं भामरागडला कधी जावं अन् आमगावला कधी? पाच वर्षांत एकदा आला तरी लोक म्हणतात, बरं झालं आला.

२००८ च्या पुनर्रचनेत विदर्भाच्या लोकसभेच्या ११ च्या १० झाल्या. वाशीम गेलं यवतमाळात. विधानसभेच्या ६६ च्या ६२. गेल्या कुठं? मुंबई-ठाण्याकडे, तिथली लोकसंख्या वाढली म्हणून. तेव्हा पुण्या-मुंबईतल्या एकानं तरी म्हटलं काय, की विदर्भावर अन्याय झाला? आज तमिळनाडूसाठी गळा काढून राहिले.

जागा वाढवा. निदान वाशीम परत द्या.

---

कोकणकडा | २२:५८

+१ वऱ्हाडी ठेचा. आमचा राजापूर मतदारसंघही त्याच वेळी नकाशावरून गेला. मधु दंडवते तिथून सलग निवडून यायचे. आता चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत एकच रत्नागिरी-सिंधुदुर्ग, आणि दापोली-गुहागर जोडलं अलिबाग-पेणला. त्याच पुनर्रचनेत जुन्या ठाणे आणि डहाणूच्या ठिकाणी ठाणे, कल्याण, भिवंडी, पालघर असे चार झाले. लोकसंख्येचा न्याय म्हणून ते बरोबरच होतं, नाही म्हणत नाही. पण डोंगरातल्या वस्त्यांना ते गणित कळत नाही. खासदार लांब गेला, एवढंच कळतं.

---

तळटीप | २३:३०

सगळे ‘खासदार मतदारसंघात किती वेळा येतो’ यावर बोलताहेत. खासदाराचं काम तिथे नाहीच, निदान मुख्य काम नाही. गटार, समाजमंदिर आणि हायमास्ट दिवे ही कामं ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, आमदार यांची. खासदार निधीची वर्षाला ५ कोटींची योजना आल्यापासून आपणच खासदाराला थोरला नगरसेवक करून ठेवलंय.

संसदेत काय चालतं ते बघू. रोज २० तारांकित (तोंडी उत्तराचे) प्रश्न लागतात, तेही बॅलटनं, म्हणजे सोडतीनं. त्यातले बरेचसे तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतच नाहीत, तासच संपतो. ८०० खासदार केले तर प्रश्नोत्तराचा तास दीड तासाचा होणार आहे का? पहिल्या लोकसभेचं कामकाज वर्षाला सरासरी १३५ दिवस चालायचं. १७ वी लोकसभा वर्षाला सरासरी ५५ दिवस भरली. खासगी सदस्याचं (म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं) विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन शेवटचा कायदा झाला १९७० साली. आणि १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर व्हिप (मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश) निघाला की मान हलवायची. व्हिपविरुद्ध मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. मग सभागृहात ५४३ माना हलल्या काय नि ८८८ हलल्या काय.

आधी बैठकांचे दिवस वाढवा, अविश्वास ठराव आणि अर्थविधेयकं वगळता व्हिप सैल करा, मग माणसं वाढवायचं बोला. उलट क्रमानं केलंत तर फक्त पगार, भत्ते आणि बंगले वाढतील. (मूळ पगार यंदाच १ लाखावरून १ लाख २४ हजार झालाय.)

---

आडमाप | २३:५१

तळटीप, निदान एका ठिकाणी माणसं वाढल्यानं फरक पडेल, आणि ते ठिकाण तुम्हालाही प्रिय आहे. खात्यांचं काम आणि विधेयकं तपासणाऱ्या विभागीय स्थायी समित्या २४. प्रत्येकीत ३१ सदस्य, पैकी २१ लोकसभेचे. २१ गुणिले २४ म्हणजे ५०४ जागा. मंत्री सहसा या समित्यांवर नसतात. ते आणि अध्यक्ष वजा केले तर उरलेल्या जवळपास प्रत्येकाला एका समितीवर बसवलं तरच सगळ्या जागा भरतात. संरक्षण, ऊर्जा, वित्त अशा अवजड खात्यांना एकेकच समिती. माणसं असतील तर तिथे उपसमित्या करता येतील.

आता तुम्ही म्हणाल, विधेयकं समितीकडे जातात कुठे. खरं आहे. १५ व्या लोकसभेत ७१ टक्के गेली होती, १७ व्या लोकसभेत १६ टक्के. पण ती सरकारच्या इच्छेची गोष्ट आहे. आजारी माणसाला भूक नाही म्हणून घरातला तांदूळ टाकून देत नाहीत.

---

तिरकस | २३:५५

तांदूळ कुणाचा, हा खरा वाद आहे.

---

हडसनकाठी | २० ऑगस्ट, ०२:१०

वेळेच्या फरकामुळे उशिरा. इथे अमेरिकेत प्रतिनिधिगृहाचा आकडा १९१३ पासून ४३५ वर अडकलाय. लोकसंख्या तेव्हाच्या तिपटीहून जास्त झाली, तरी १९२९ च्या कायद्यानं तो तिथेच पक्का केला. आता एका प्रतिनिधीमागे साडेसात लाखांवर लोक आहेत आणि इथल्यांना तेच फार वाटतं! ब्रिटनची कॉमन्स सभा ६५० ची, लोकसंख्या आपल्या महाराष्ट्राच्या जवळपास निम्मी. दुसरीकडे इटलीनं २०२० ला सार्वमत घेऊन कनिष्ठ सभागृह ६३० वरून ४०० वर आणलं. जर्मनीनं ७३६ वरून ६३० केलं. म्हणजे जग एकाच दिशेला चाललंय असं काही नाही.

तागेपेरा नावाच्या राज्यशास्त्रज्ञाचा एक ठोकताळा आहे: सभागृहाचा आकार लोकसंख्येच्या घनमुळाइतका असतो. १४० कोटींचं घनमूळ १११९ च्या आसपास. प्रणव मुखर्जींनी २०१९ ला हजार जागांची सूचना केली होती, ती या हिशेबानं वेडगळ नव्हती.

पण वाट्याच्या भांडणाबद्दल इथून एक गोष्ट ठळक दिसते. कॅलिफोर्नियाला प्रतिनिधिगृहात ५२ आणि वायोमिंगला १, तरी वायोमिंग ओरडत नाही, कारण सिनेटमध्ये दोघांनाही दोन-दोन. आपल्या राज्यसभेत? उत्तर प्रदेश ३१, महाराष्ट्र १९, तमिळनाडू १८, केरळ ९, सिक्कीम १. म्हणजे राज्यांचं सभागृह म्हणवणारंही बव्हंशी लोकसंख्येवरच. लोकसभेत जे गमावलं ते भरून काढायला दुसरी जागाच नाही. वादाचं मूळ मला तिथे दिसतं.

---

गणिती गोंधळ | ०८:०५

हडसनकाठी, उत्तम मुद्दा. मग सौदा असा होऊ शकतो: लोकसभा लोकसंख्येनं, राज्यसभा सर्व राज्यांना समान किंवा समानतेकडे झुकणारी. मला चालेल.

---

तळटीप | ०८:२२

तुम्हाला चालेल, संयुक्त बैठकीचं काय? दोन सभागृहांत सामान्य विधेयकावर तिढा पडला तर कलम १०८ नुसार दोघं एकत्र बसतात आणि डोकी मोजतात. १९६१, १९७८ आणि २००२ ला असं झालंय. लोकसभा ८८८ आणि राज्यसभा २४५ असेल तर राज्यसभेचा विरोध म्हणजे पावसाळ्यातली छत्री वादळात उघडण्यासारखं. लोकसभा फुगवायची असेल तर राज्यसभाही त्या मानानं वाढवावी लागेल, नाहीतर तो सौदा कागदावरच.

---

घाटमाथा | ०९:१५

कुणी बोलत नाही म्हणून बोलतो. महाराष्ट्राच्या ज्या दोन जागा वाढणार त्या कुणामुळे? आपला प्रजनन दर (एका स्त्रीमागे सरासरी मुलं) पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ आहे, केरळ-तमिळनाडूच्या १.८ पेक्षाही कमी. बिहारचा ३. म्हणजे कुटुंबनियोजन आपणही तितकंच केलं. लोकसंख्या फुगली ती बाहेरून आलेल्यांमुळे. वाढीव जागा मुंबई-ठाण्यात जाणार आणि तिथून निवडून कोण येणार ते सांगायला नको.

---

चाफेकळी | ०९:४०

घाटमाथा, जनगणना माणूस जिथे राहतो तिथे त्याला मोजते. तो इथे राबतो, इथल्या लोकलमध्ये लटकतो, इथे कर भरतो. त्यानं इथल्या वाट्यात भर घातली तर बिघडलं काय? उलट त्यातले कितीतरी जण मतदानाचं नाव गावाकडेच ठेवतात. म्हणजे मोजले जातात महाराष्ट्रात आणि मत देतात तिकडे. आपल्यासाठी हा फुकटचा फायदा आहे, तक्रार कसली करताय!

आणि पुरुषमंडळींनी अजून ज्याला हात लावलेला नाही तो विषय: १०६ वी घटनादुरुस्ती. लोकसभेत आणि विधानसभांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा, पण कधी? दुरुस्तीनंतरची पहिली जनगणना, मग पुनर्रचना, आणि त्यानंतर. २०२४ ला ७४ स्त्रिया निवडून आल्या, १४ टक्क्यांच्या आत. ५४३ पैकी १८१ जागा राखून २०२४ लाच देता आल्या असत्या की. नाही दिल्या, कारण मग शंभरावर पुरुषांना घरी बसावं लागलं असतं. सभागृह मोठं केलं की त्यांच्या खुर्च्या शाबूत ठेवून आम्हाला वाढीव खुर्च्या देता येतात. विस्ताराचा खरा राजकीय रेटा इथून येणार, लिहून ठेवा. आणि मला तो आवडत नसला तरी मी विस्ताराच्या बाजूनं आहे. आणखी तीस वर्षं थांबायची तयारी नाही.

---

घाटमाथा | ०९:५२

लोकल आणि कर ठीक आहे हो, पण मुंबईत मराठी

*[या प्रतिसादाचा उर्वरित भाग संपादित केला आहे. धाग्याचा विषय लोकसभेची सदस्यसंख्या हा आहे. — संपादक]*

---

तिरकस | १०:०४

चला, धाग्याला शेंदूर लागला.

---

सनदी | ११:३०

काही वर्षं सरकारी कागद हाताळलेत, म्हणून दोन-तीन कलमी गोष्टी.

९१ व्या दुरुस्तीनं मंत्रिमंडळाला लोकसभेच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. आज ती ८१. सभागृह ८८८ चं झालं की १३३. जागा वाढवायला सगळे पक्ष आतून उत्सुक का असतात याचं अर्धं उत्तर इथे आहे. सोबत ही टक्केवारी खाली आणायची अट घालायला हवी, त्याबद्दल कुणी बोलताना दिसत नाही.

राष्ट्रपती निवडणुकीत आमदाराच्या मताचं मूल्य अजून १९७१ च्या लोकसंख्येवर चालतं. महाराष्ट्राच्या आमदाराचं १७५, उत्तर प्रदेशच्या २०८, सिक्कीमच्या ७. गोठवणं उठलं की तेही बदलेल. खासदाराच्या मताचं मूल्य (२०२२ ला ७००) हे आमदारांच्या एकूण मूल्याला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येनं भागून येतं, तेव्हा खासदार वाढले की भागणारा आकडाही वाढेल.

---

वऱ्हाडी ठेचा | ११:४८

सनदी साहेब, ते सगळं ठीक. पण धागाकर्ते म्हणतात तसं ‘वाटा तोच ठेवून दीडपट’ होऊ शकते काय? का नुसतं बोलाचीच कढी?

---

सनदी | १२:२५

होऊ शकतं, पण ते सर्वांत अवघड आहे. कलम ८१ म्हणतं की जागा आणि लोकसंख्या यांचं प्रमाण सर्व राज्यांत शक्य तितकं सारखं हवं. गोठवण्याची तरतूद संपली की हेच वाक्य पुन्हा लागू. वाटा आजचा ठेवायचा तर ते वाक्य बदलायला घटनादुरुस्ती, म्हणजे दोन्ही सभागृहांत हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत. संख्या ५५० च्या वर न्यायची तरी हेच. त्यातून कलम ३६८ च्या परंतुकात ‘संसदेतील राज्यांचे प्रतिनिधित्व’ हा विषय आहे, म्हणजे निम्म्या राज्यांच्या विधानसभांची मान्यताही.

याउलट आहेत त्या ५४३ लोकसंख्येनुसार नव्यानं वाटायच्या तर घटनेला हात लावायचं कारण नाही. नवी जनगणना प्रसिद्ध झाली की परिसीमन (मतदारसंघ पुनर्रचना) आयोग नेमणारा साधा कायदा करायचा. १९५२, १९६२, १९७२ आणि २००२ ला तसेच कायदे झाले. साधं बहुमत पुरतं.

मार्चमध्ये चेन्नईत स्टॅलिन यांनी बोलावलेल्या बैठकीत गोठवणं आणखी २५ वर्षं चालू ठेवण्याची मागणी झाली. त्यांचा सूर असा की बदल सरकार करतंय, आम्ही तो अडवतोय. कागदावर स्थिती उलटी आहे. काहीच न करणारा आता लोकसंख्येच्या बाजूनं मत देतोय, आणि दोन तृतीयांश जमवायचं ओझं गोठवणाऱ्यांच्या डोक्यावर.

---

गणिती गोंधळ | १२:४०

म्हणजे जयपूरच्या भावाला नुसतं थांबायचंय.

---

आडमाप | १२:५८

आणि केरळला आपले ४८ खासदार लागणार आहेत. आपल्यातल्या किती जणांनी यावर आजवर तोंड उघडलंय? सर्व पक्षांचे मोजा, मला तरी एकही आठवत नाही. कुणाला एखादं भाषण सापडलं तर इथे डकवा.